भिंतीवरील रांजण

मराठी घराच्या भिंतीवर छापील चित्र आले त्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी खानदेशातील धाब्याच्या घरांच्या जाड, काळोख्या भिंतींवर जी जागा मिळविली ती अद्याप सोडलेली नाही. चौकटीत बसवलेले आणि काचेआड कायम राहणारे चित्र ही छापखान्याची देणगी खरी. परंतु घराने ती आपल्या रीतीने स्वीकारली, म्हणजे असे की जे चित्र भिंतीवर चढले त्याला गंध लागले, हार चढला, सांजवेळी उदबत्ती ओवाळली गेली. देवांची चित्रे आणि घरातील गतांची छायाचित्रे या दोनच वर्गांना आमच्या भिंतींनी दीर्घकाळ आश्रय दिला, आणि केवळ शोभेसाठी चित्र टांगावे ही कल्पना आमच्या पुष्कळ घरांत अजूनही पुरती रुजलेली नाही.

या पार्श्वभूमीवर नशिराबादेस एका घरी झालेला वाद मला लिहून ठेवण्याजोगा वाटतो. जळगावाहून भुसावळकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरच्या या गावात जुने धाब्याचे घर उतरवून नवे बांधले गेले होते. घराची धनीण जळगावच्या शाळेत चित्रकला शिकवते. तिचे मामा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले; जमाबंदीची दफ्तरे आणि फेरफाराच्या नोंदी वाचण्यात हयात गेल्यामुळे कोणतीही वस्तू पुढे आली की ती कोणाची, कोठून आली आणि कोणत्या हक्काने आली, हे तीन प्रश्न ते प्रथम विचारतात. उभयतांशी माझा जुना घरोबा असल्याने मला हा संवाद पहिल्यापासून ऐकावयास मिळाला.

वादाचा विषय होती भांड्यांची चित्रे. भाचीचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतात राहतो. त्या प्रांतात प्वेब्लो नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूळ रहिवाशांची एकोणीस गावे आहेत, आणि त्यांची मातीची भांडी जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेली आहेत. केनेथ चॅपमन नावाच्या अभ्यासकाने या भांड्यांची रंगीत चित्रे दोन संपुटांत, प्रत्येकी पन्नास, फ्रान्समधील नीस येथून 1933 आणि 1936 साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी काहींच्या प्रती भावाने बहिणीच्या नव्या घरासाठी पाठविल्या होत्या. बैठकीच्या लांब भिंतीवर त्या ओळीने लावाव्यात असा तिचा बेत होता.

मामांनी चष्मा पुसून एकेक चित्र हाती घेतले. पहिला अकोमा गावचा पाण्याचा रांजण : पांढऱ्या लेपावर तांबड्या-काळ्या रंगांत काढलेला पोपट, आणि त्याच्यावरून गेलेला इंद्रधनुष्यासारखा दुहेरी पट्टा. दुसरा झुनी गावचा; त्यावर हरणांची रांग, आणि प्रत्येक हरणाच्या तोंडातून निघून थेट काळजापर्यंत गेलेली बाणाच्या टोकाची तांबडी रेघ. बराच वेळ पाहून मामांनी रांजणाच्या कंठाशी काढलेल्या काळ्या रेषेवर बोट ठेवले. “येथे छपाई चुकलेली दिसते. रेघ पुरी गोल गेलेली नाही, मध्ये तुटली आहे.”

“छपाई नाही चुकलेली, मामा,” भाची म्हणाली. “ती फट कुंभारणीने मुद्दाम ठेवलेली आहे. त्यांच्या जुन्या भांड्यांवर अशी मोकळी जागा ठेवण्याची चालच आहे. आणि एवढा मोठा रांजण, त्याची एवढी पातळ भिंत, पण त्याला चाकाचा स्पर्श नाही. मातीच्या वळ्या एकीवर एक रचून, बोटांनी चेपून तो बायकांनी चढवलेला आहे. कुंचला म्हणजे युक्का नावाच्या झुडपाच्या पानाची चावून मऊ केलेली शीर. भाजणीला शेणी.”

“चाकावाचून हा घाट साधला असेल तर त्या बाईचे हात नमस्कार करण्यासारखे आहेत,” मामा म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. “माझा विरोध भांड्याला नाही, पोरी. माझा प्रश्न भिंतीचा आहे. रांजण म्हणजे काय? त्याला पोट आहे, त्यात पाणी आहे, ते गार आहे, वरचा थर वापराने गुळगुळीत झालेला आहे. तू त्याची एक बाजू कागदावर सपाट करून खिळ्याला अडकवणार. नक्कल मुळाशी ताडून पाहिल्याशिवाय आम्ही सही करीत नसू. येथे मूळ कोठे आहे? सात समुद्रांपलीकडे. मग ही नक्कल येथे कशाची साक्ष देणार?”

“नकलेनेच ती कला वाचली आहे, मामा.” हा मुद्दा तिने तयार करून ठेवलेला असावा, इतक्या शांतपणे ती बोलू लागली. “1879 साली वॉशिंग्टनच्या सरकारी संस्थेने माणसे पाठवून झुनी गावातून हजारो भांडी उचलून नेली. त्याच सुमारास आगगाडी त्या प्रांतात पोहोचली, आणि प्रवाशांना पिशवीत घालून नेता येतील अशी लहान लहान भांडी करण्यात कुंभारणींचा हात गुंतला. जुने मोठे रांजण घरांतून नाहीसे झाले. नातींना आजीची नक्षी पाहावयाची असेल तर ती दूरच्या शहरातल्या कपाटात. तेव्हा 1922 च्या सुमारास सांता फे येथील मंडळींनी उरलेली भांडी तेथल्या तेथे जमवण्यास आरंभ केला, त्यांत हे चॅपमन प्रमुख होते. आणि गावच्या बायकांचे म्हणाल, तर शेजारच्या होपी लोकांतली कुंभारीण नाम्पेयो ओसाड पडलेल्या सिक्यात्की गावाच्या खापऱ्यांवरून नक्षी शिकली; सान इल्देफोन्सोची मारिया मार्टिनेझ आणि तिचा नवरा ज्युलियन यांच्यापुढेही जुन्या खापऱ्याच ठेवल्या गेल्या होत्या, आणि पुढे त्या दोघांनी काळ्यावर काळी नक्षी उमटवणारी जी भांडी केली त्यांनी सारे गाव पुन्हा चाकोरीला लागले. नक्कल तुच्छ कशी म्हणता येईल?”

“तुच्छ म्हटलेच नाही. पण तुझ्याच तोंडचा दाखला घेतो. ती नक्कल कुंभारणीसाठी होती. तिला पाहून तिने पुन्हा माती कालवली. तू तिला पाहून काय करणार आहेस? चहा देणार आहेस.”

भाची यावर गप्प राहिली. मामांनी हाताची बोटे एकमेकांत गुंतवली, आणि त्यांच्या बोलण्याला गावाभिमानाची धार आली. “आपल्या या नशिराबादेत एके काळी काचेच्या बांगड्यांचा धंदा होता. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात गावचा मुख्य उद्योग म्हणून त्याचीच नोंद आहे. आज त्या भट्ट्या नाहीत, आणि ती एक ओळ सोडली तर बाहेरच्या जगाजवळ दुसरा कागदही नाही. समज, उद्या त्या सांता फे शहरातल्या एखाद्या बाईने आपल्या दिवाणखान्यात त्या बांगड्यांचे चित्र लावले, रंग सुरेख आहेत म्हणून, आणि खाली गावाचे नाव नाही, करणाऱ्याची जात-जमात नाही, काळ नाही. तुला बरे वाटेल?”

“वाईट वाटेल. पण चित्र काढून टाका असे मी तिला सांगणार नाही. नाव लिहा, असे सांगेन.”

माझ्या मते या एका उत्तराने वादाचा अर्धा भाग मिटला होता. शोभा आणि ओळख यांत वैर नाही. वैर आहे ते शोभा आणि बेफिकिरी यांत. कापडावर, चादरीवर, चहाच्या पेल्यावर आज कोणाचीही नक्षी कोणीही छापतो, आणि ती नक्षी ज्या गावाच्या पिढ्यांनी घडवली त्या गावास त्याची खबरही नसते. अमेरिकेत 1990 साली असा कायदा झाला की मूळ रहिवाशांनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे हा गुन्हा ठरावा. तो कायदा छापील चित्राला लावता येईल की नाही हा वेगळा प्रश्न. पण ज्या घरात चित्राखाली गावाचे नाव लिहिलेले आहे ते घर त्या कायद्याचा हेतू पाळते, असे मी म्हणेन.

खरा पेच पुढे होता. पुडक्याच्या तळाशी चॅपमन यांच्या संपुटाबाहेरचे एक चित्र निघाले, भावाने आवडले म्हणून वेगळे घातलेले. त्याच प्रांतातल्या मिंब्रेस नावाच्या खोऱ्यात इ.स. 1000 नंतरच्या शतकात केलेला वाडगा. पांढऱ्या तळावर, वाडग्याच्या आतल्या बाजूने काळ्या रंगात काढलेला बगळा. पायांच्या दोन काड्या, मानेचा बाक, आणि पंखांवर केसाएवढ्या बारीक समांतर रेघा. इतक्या आत्मविश्वासाने काढलेले चित्र मी क्वचितच पाहिले आहे. त्या बगळ्याच्या पोटाजवळ, वाडग्याच्या तळाला, एक ओबडधोबड भोक होते.

“हे फुटले कसे?” मामांनी विचारले.

भाचीने काहीही झाकून ठेवले नाही. मिंब्रेसचे लोक आपल्या मृतांना राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत, पुष्कळदा असा वाडगा मृताच्या मस्तकावर पालथा घालीत, आणि त्यापूर्वी वाडग्याच्या तळाला मुद्दाम भोक पाडीत, हे तिने सरळ सांगितले.

मामांनी चित्र टेबलावर उलटे करून ठेवले. मग सावकाश म्हणाले, “तुझ्या आजोबांना अग्नी दिला तेव्हा खांद्यावर मडके मी घेतले होते. चितेभोवती फेरी झाली की मागून एक जण दगडाने त्याला भोक पाडतो. दुसरी फेरी, दुसरे भोक. पाण्याच्या धारा पायांवरून वाहतात. तिसऱ्या फेरीनंतर ते पाठीमागे टाकावयाचे आणि मागे वळून पाहावयाचे नाही. त्या मडक्याचे चित्र, कितीही सुंदर असले, तरी तू बैठकीत लावशील का? त्या लोकांनी भोक का पाडले हे त्यांचे त्यांना ठाऊक. पण भोक पाडलेले भांडे कशाचे असते, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.”

“मामा, मला हे पटते, आणि तरीही पुरते पटत नाही.” तिचा आवाज खाली आला होता, पण ती हटली नव्हती. “नेवाशाला आणि इनामगावला काय सापडले ते आठवा. साडेतीन हजार वर्षांपूर्वी, आपल्याच महाराष्ट्रात, लहान मूल गेले की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत, त्यांत ते मूल, आणि ते घराच्या जमिनीखाली. स्मशान दूर नव्हते कारण त्यांना ते दूर नको होते. मूल आईजवळ राहावे असे त्यांना वाटत असेल. मृत्यूच्या भांड्याला घरात जागा नाही हा आपला आजचा संकेत. त्यांचा नव्हता, मिंब्रेसवाल्यांचाही नव्हता. आणि आपण तरी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, काय करतो? कुंभाराकडून घागर आणतो, पाण्याने भरतो, वर लहान मडके ठेवतो, आणि पितरांना घरात बोलावतो.”

“बोलावतो, आणि तिथी सरली की निरोप देतो. वर्षभर टांगून ठेवीत नाही. इनामगावचे म्हणशील तर ते कुंभ जमिनीखाली होते, भिंतीवर नव्हते. वर सारवण होते, त्यावर चूल होती, माणसे निजत होती. ठाऊक सर्वांना, दिसत कोणालाच नव्हते. झाकण्यातच त्यांची माया होती.”

“मग हा बगळा कोणी पाहूच नये? ज्या हाताने तो काढला त्या हाताचे काय?”

“पाहावा की. पुस्तकात पाहावा. पुस्तक मनुष्य आपल्या इच्छेने उघडतो, पाहतो, मिटतो. भिंतीखाली मनुष्य बसतो, जेवतो, हसतो, भांडतो. त्याला निवड नसते. आणि मालकीचा प्रश्न आहेच. हा वाडगा जमिनीतून वर आला तो कोणाच्या परवानगीने?”

या प्रश्नाचे उत्तर सुखद नाही, आणि भाचीने ते टाळले नाही. मिंब्रेस खोऱ्यातील कित्येक जुनी गावे भांडीचोरांनी, शेवटी शेवटी तर बुलडोझर लावून, उद्ध्वस्त केली. हाडे उधळली गेली आणि वाडगे बाजारात गेले. अकोमा, झुनी, होपी हे आजचे समाज त्या मृतांना आपले पूर्वज मानतात. 1990 च्या दुसऱ्या एका कायद्याने दफनातील अवशेष व वस्तू वंशजांना परत करण्याची सक्ती संग्रहालयांवर आली, आणि 2024 च्या जानेवारीपासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तर अशा वस्तू त्यांच्या संमतीवाचून मांडूही नयेत असे ठरले. मोठमोठ्या संग्रहालयांनी आपली कपाटे झाकून घेतली. जे संग्रहालयाने मांडू नये ते नशिराबादच्या बैठकीने मांडावे काय? येथे मी निःसंशय मामांच्या बाजूचा आहे. भाचीने चित्र पुडक्यात परत ठेवले; टाकून मात्र दिले नाही, आणि ते योग्यच झाले.

आता मामांना आपला पक्ष विजयी झाल्यासारखे वाटले असावे, कारण ते उत्साहाने पुढे सरसावले. “मी तर म्हणतो, परमुलखाचे पाहिजे कशाला? आपल्या गिरणेच्या काठी, चाळीसगाव तालुक्यात बहाळ आहे. पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी 1952 साली आणि पुन्हा चार वर्षांनी तेथे खोदकाम केले. पलीकडच्या तीरावर टेकवाड्यास दफने निघाली. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे, तेथे त्याच खात्याच्या थापरांनी 1954 साली टेकडी खणली. तापीकाठच्या सावळद्याचे नाव तर एका भांड्यांच्या जातीलाच पडले आहे. साक्री तालुक्यात कावठे आहे. लाव ना त्यांची चित्रे. ती आपली आहेत.”

“लावीन, मामा. पण ‘आपली’ हा शब्द तुम्ही कोणत्या दाखल्यावर वापरता?”

महसुलाच्या मनुष्याला असा प्रश्न भाचीने विचारावा, यात मला त्याच घराण्याचे वळण दिसले. ती पुढे म्हणाली, “जोर्वे पद्धतीची भांडी करणारे ते लोक इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकाच्या आरंभी ही गावे सोडून गेले. कित्येक टेकाडे मध्ये शतकानुशतके ओसाड होती. त्यांची भाषा आपल्याला ठाऊक नाही, देव ठाऊक नाहीत, स्वतःला ते काय म्हणवीत तेही ठाऊक नाही. त्यांच्यापासून आपल्यापर्यंत फेरफाराची एक तरी सलग नोंद दाखवता येईल? उलट अकोमाची कुंभारीण आजही अकोमातच आहे. ती जुन्या फुटक्या भांड्यांच्या खापऱ्या कुटून नव्या मातीत मिसळते, म्हणजे आजीचे भांडे नातीच्या भांड्यात शब्दशः असते. परके भांडे म्हणता त्याचा मालक हयात आहे, त्याला विचारता येते, तो नको म्हणू शकतो. आपले भांडे म्हणता त्याच्या वतीने बोलणारे कोणीच नाही.”

मामा बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर पराभव नव्हता. एखादा पेचदार कज्जा समोर आल्यावर जाणकार अधिकाऱ्याच्या मुद्रेवर येते ती एकाग्रता होती. शेवटी म्हणाले, “वहिवाट नाही, हे कबूल. पण बेवारस मालाचीही जोखीम कोणावर तरी असतेच. ज्याच्या हद्दीत सापडला त्याच्यावर. बहाळची खापरी आपल्या हद्दीत आहे. म्हणून ती आपली नव्हे. तिची जोखीम आपली.”

हा भेद मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो, आणि खानदेशात तो क्वचितच कोणी मांडतो. आमच्या जिल्ह्यांतील शाळेतल्या मुलाला हडप्पाची मुद्रा चित्रावरून ओळखता येते. पण घरापासून एसटीने जाऊन येण्याच्या अंतरावर, तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रेषांची जाळीदार शंकरपाळी काढलेले, बोटाने वाजवले असता धातूसारखा नाद देणारे, खांद्यावर तोटी असलेले पात्र साडेतीन हजार वर्षांपूर्वी वापरात होते याची त्याला कल्पना नसते. सावळद्याच्या जाड भांड्यांवर तर बाणांची टोके आणि मासे मारण्याची हत्यारे काढलेली आढळतात. तापीच्या काठच्या मनुष्याने आपल्या रोजच्या उपजीविकेचे काढलेले ते चित्र. अशा भांड्यांचे रंगीत संपुट कोणी खानदेशी घरांसाठी छापले नाही. जे आहे ते उत्खननाच्या अहवालांत, काळ्या रेषांच्या आकृतींत, आणि अहवाल ग्रंथालयांत.

भाचीने तशी एक आकृती वहीत उतरवून घेतलेली होती, ती तिने मामांपुढे ठेवली. मध्ये एक उभी रेघ. रेघेच्या उजवीकडे तोटीच्या भांड्याची बाहेरची बाजू, नक्षीसकट. डावीकडे तेच भांडे उभे कापल्यासारखे, काठ किती जाड, खांदा कोठे वळतो, तळ किती पातळ, सारे काळ्या पट्ट्याने दाखवलेले.

“तुम्ही म्हणाला होता की चित्र भांड्याची एकच बाजू दाखवते,” ती म्हणाली. “ही पुरातत्त्वाची रीत आहे. पोटही दिसते आणि पाठही.”

मामांनी ती आकृती उजेडाकडे धरली. “हे चालेल,” ते म्हणाले. “हे भिंतीवर चालेल. यात लपवाछपवी नाही. मोठ्या कागदावर काढ.”

त्यानंतरचे बोलणे तपशिलाचे होते, आणि त्यातही दोघांचे पटले असे नाही. झुनीची हरणे आणि अकोमाचा पोपट बैठकीत राहणार हे ठरले. समोरच्या भिंतीवर बहाळ आणि प्रकाशे. चित्राखालच्या पट्टीवर काय लिहावे यावर मात्र पुन्हा खल झाला. मामांना पाच रकाने हवे होते : गाव, भांड्याचा उपयोग, अदमासे काळ, मूळ वस्तू कोठे आहे, चित्र कोणी काढले. भाचीला एवढा मजकूर चित्राला भारी होईल असे वाटत होते. तिला सहावा रकाना हवा होता, भांडे घडवणारीचा, आणि जुन्या भांड्यांवर सही नसल्यामुळे त्यात लिहिण्यासारखे तिच्याजवळ काही नव्हते. “अज्ञात” हा शब्द तिला नको होता.

“आमच्या दफ्तरात रकाना कोरा सोडण्याची मुभा नव्हती,” मामा म्हणाले. “जेवढे ठाऊक तेवढे लिहावयाचे. ‘अकोमा गावची बाई’ असे लिही.”

“आणि बहाळच्या भांड्याला? तेथे चाक होते. तो बाप्या होता की बाई, हेही ठाऊक नाही.”

“तर ‘बहाळचा कोणी कुंभार किंवा कुंभारीण’. लांब होईल, होऊ दे.”

मूळ खापऱ्या पाहून, हाती घेऊन, मापे घेऊन आकृती काढावयाच्या तर पुरातत्त्व खात्याकडे रीतसर परवानगी मागावी लागेल, हे मामांनीच सुचवले; अर्जाचा मसुदा करण्याचे कामही त्यांनी आपल्याकडे घेतले, आणि त्यात ‘शोभेकरिता’ हा शब्द घालावा की ‘अभ्यासाकरिता’ यावर मी निघालो तेव्हा दोघांचा वाद चालूच होता. भाचीचा आग्रह दोन्ही शब्द घालण्याचा होता.